चुनकळी, फक्की की तयार पुट्टी? गिलाव्याच्या चुन्याचे तीन पर्याय, पारखून

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. मातीच्या किंवा पेंढ्याच्या भिंतींवर एक-दोन खोल्यांचा गिलावा करायचा असेल, तर बांधकामाच्या दर्जाची फक्की, म्हणजे कारखान्यात पाणी देऊन विरवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी, आणा आणि भिजत घाला. शेवटचा गुळगुळीत हात (थर) महत्त्वाचा असेल, तर तेवढ्यापुरती चुनकळीपासून (भाजलेल्या चुनखडीच्या खड्यांपासून) केलेली तयार पुट्टी, म्हणजे विरवलेल्या चुन्याचा लोण्यासारखा ओला गोळा, विकत घ्या. स्वतः चुनकळी विरवणं, म्हणजे पाण्यात टाकून फुटू देणं, हा तिसरा पर्याय. सगळ्यात उत्तम पुट्टी त्यातूनच निघते, यात वाद नाही. पण माल ताजा मिळत असेल, मोकळी जागा आणि पोलादी पिंप हाताशी असेल आणि काही महिने थांबायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. ‘चुना तर आहे’ म्हणून घाईत चुनकळी पाण्यात टाकणारे डोळ्यांशी खेळत असतात.

खरेदीआधी पिशवीवरचं नाव नीट वाचायला हवं, कारण चार वेगळ्या वस्तू एकाच रंगाच्या भुकटीत मिळतात. ‘वॉल पुट्टी’ म्हणून मिळणारी भुकटी पांढऱ्या सिमेंटची किंवा अ‍ॅक्रिलिकची असते, तिचा इथे काही उपयोग नाही. शेतीचा चुना पुष्कळदा नुसती दळलेली चुनखडी असतो. ती भाजलेलीच नसते, त्यामुळे किती भिजवली तरी घट्ट होत नाही. पिशवीवर ‘एनएचएल’ आणि पुढे २, ३.५ किंवा ५ असा आकडा असेल तर तो हायड्रॉलिक चुना. गिलाव्याला तो चांगला, पण पाण्यातच घट्ट होतो, म्हणून त्याची पुट्टी करून ठेवता येत नाही. पिंपात दगड तयार होईल. पुट्टीसाठी हवा तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होणारा शुद्ध चुना. युरोपीय मानकाप्रमाणे त्यावर ‘सीएल ९०’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची ऑक्साइडं मिळून किमान ९० टक्के, आणि त्यातलं मॅग्नेशियम ऑक्साइड ५ टक्क्यांच्या आत. मॅग्नेशियम जास्त असलेला डोलोमाइटी चुना फार सावकाश विरतो आणि भिंतीवर गेल्यावर फुगायचा धोका राहतो.

आता चुनकळी. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दगडाचं वजन ४४ टक्क्यांपर्यंत घटतं. म्हणून चांगली कळी हातात घेतली की आकाराच्या मानाने हलकी लागते. जड लागली तर आतला गाभा कच्चा राहिलेला असतो. गडद, घट्ट, काचेसारखी चकाकणारी कळी जास्त भाजलेली असते आणि खरी डोकेदुखी तीच आहे. कच्चा गाभा विरत नाही, चाळणीवर राहतो आणि फेकून देता येतो. जास्त भाजलेला कण मात्र पिंपात गप्प बसतो, चाळणीतून निसटतो आणि भिंतीवर गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी विरायला लागतो. तो फुगतो आणि वरचा गिलावा टिकलीएवढा उडवून देतो.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: भट्टीतून माल कधी निघाला? उत्तर गुळमुळीत आलं तर माल सोडा. कळी हवेतली वाफ शोषून हळूहळू भुगा होते, आणि भुग्याला पुन्हा हवा लागून त्याची चुनखडी होते. पिशवीच्या तळाशी बराच भुगा असेल तर पैसे त्या भुग्यासाठी मोजायचे का, ते ठरवा. पिशवी फुगलेली किंवा ओली असेल तर घेऊच नका. थोड्या पाण्याने कळी इतकी तापते की कागद, लाकूड पेट घेऊ शकतं. गाडीत नेतानासुद्धा ती कोरडी आणि पेंढा, लाकडापासून लांब ठेवावी लागते.

नमुना तपासायची सोपी चाचणी आहे. १५० ग्रॅम कळीचे १ सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडे करा. २० अंशांच्या ६०० मिलिलिटर पाण्यात, पोलादी भांड्यात टाका आणि ढवळत थर्मामीटर पाहत राहा. दोन-चार मिनिटांत पारा ६० अंशांवर गेला तर कळी तेज आहे. दहा मिनिटांनीही पाणी कोमटच असेल तर माल शिळा तरी आहे किंवा जास्त भाजलेला तरी. एवढीशी चाचणीसुद्धा गॉगल घालूनच करायची.

१ किलो शुद्ध कळी विरताना साधारण १,१५० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. १० किलो कळी ३० लिटर पाणी उकळीला आणून वर थोडं वाफ करून उडवू शकते, तेही जाळाशिवाय. म्हणूनच पहिला नियम: पाणी आधी, कळी नंतर. कळीवर पाणी ओतलं की मूठभर पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळता, दाहक चुना तोंडावर उडतो. रासायनिक दृष्ट्या १ किलो कळीला फक्त ३२० मिलिलिटर पाणी लागतं. उरलेलं पाणी उष्णता झेलायला आणि पुट्टी ओली ठेवायला असतं.

१० किलो कळीसाठी ३० लिटर पाणी हे प्रमाण आम्हाला सोयीचं वाटतं. २०० लिटरचं पोलादी पिंप घ्या. पातळ प्लास्टिक उष्णतेने वाकतं. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा यांना चुना खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पिंप एक-तृतीयांशाच्या वर भरू नका, उकळी वर येते तेव्हा ती जागा लागते. पिंप सपाट जमिनीवर, उघड्यावर ठेवा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. मुलं आणि जनावरं लांब. कळी फावड्याने किलो-दोन किलो अशी सोडा, मागे सरका आणि उसळी थोडी बसल्यावर लांब दांड्याच्या फावड्याने ढवळा. ताजी कळी मिनिटभरात बोलायला लागते, जास्त भाजलेली अर्धा तासही गप्प राहते. ‘काही होत नाही’ म्हणून वाकून पिंपात बघणं ही नेहमीची चूक. उसळी नेमकी तेव्हाच येते.

पाण्याचं प्रमाण दोन्ही बाजूंनी बिघडतं. पाणी कमी पडलं की कळीचे गोळे पाण्याबाहेर डोकावतात, तिथलं तापमान १०० अंशांच्या खूप वर जातं आणि चुना ‘करपतो’: कण एकमेकांना चिकटून खरखरीत होतात आणि पुन्हा मऊ होत नाहीत. गोळे वर दिसू लागले की नवी कळी टाकणं थांबवा, फावड्याने ते खाली दाबा आणि कडेने थोडं थोडं पाणी सोडा, गोळ्यांवर ओतू नका. उलट थंड पाणी फार असेल तर चुना ‘बुडतो’. तापमान चढत नाही, विरणं अर्धवट राहतं, कण जाड पडतात. कळी मंद असेल किंवा हवा थंड असेल तर सुरुवातीचं पाणी कोमट घ्या. उकळीच्या जवळ विरलेला चुना सगळ्यात बारीक होतो.

उकळी थांबल्यावर ते एक दिवस तसंच राहू द्या. गरम असताना चाळायची घाई करू नका, शिंतोडे उडतात. दुसऱ्या दिवशी दुधासारखं पातळ करून आधी ३ मिलिमीटरच्या आणि मग १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. शेवटच्या हातासाठी आणखी बारीक, ०.६ मिलिमीटरची चाळण लावा. चाळणीवर उरलेले खडे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून कुटून परत टाकणारे भेटतात. ते करू नका, न विरलेले कण त्यातच असतात. चाळलेला माल खाली बसू द्या आणि वर ५ ते १० सेंटिमीटर पाणी ठेवून झाकण लावा. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकच्या झाकणाच्या बादल्या चालतात. १ किलो कळीतून २ ते २.५ लिटर घट्ट पुट्टी मिळते.

पुट्टी जुनी होऊ देण्याला नुसती परंपरा समजून चालणार नाही. महिन्यांगणिक चुन्याचे स्फटिक लहान आणि चपटे होत जातात, पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, आणि थापीखाली माल तुटत नाही. मागे राहिलेल्या आळशी कणांनाही विरायला वेळ मिळतो. खालच्या हातासाठी निदान दोन आठवडे, वरच्या हातासाठी ३ महिने. पाण्याखाली आणि हवाबंद ठेवली तर वर्षानुवर्षं बिघडत नाही. फक्त गोठू देऊ नका.

संरक्षक साधनांचा खर्च चुनकळीच्या खर्चातच धरायला हवा, म्हणून त्यांच्याबद्दलही दोन शब्द. उघड्या बाजूंचा चष्मा निरुपयोगी. चेहऱ्याला घट्ट बसणारा, रसायनांच्या शिंतोड्यांसाठीचा, थेट आत न उघडणाऱ्या वायुछिद्रांचा गॉगल घ्या, आणि विरवताना त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक ढालही हवी. हातमोजे नायट्राइलचे किंवा रबराचे, कोपरापर्यंत. चामड्याचे मोजे चुना शोषून त्वचेला लावून ठेवतात. विजार बुटांच्या आत खोचू नका, बाहेर सोडा. नाहीतर पडलेला चुना थेट बुटात जातो. कळी आणि फक्की हाताळताना एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हे काम करायचं नाही.

आणि काम सुरू करण्याआधीच स्वच्छ पाण्याची बादली आणि डोळे धुवायची बाटली उघडून शेजारी ठेवा, दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर ठेवा. चुन्याच्या पाण्याचा पीएच १२.४ असतो. डोळ्यात कण गेला तर पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटं धुवायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. व्हिनेगर, लिंबू, दूध, काहीही डोळ्यात घालायचं नाही. त्वचेवर कोरडी कळी किंवा भुकटी सांडली तर आधी झटकून टाका, मग भरपूर पाणी. ओल्या पुट्टीचा दाह लगेच जाणवत नाही, कपड्याआड राहिलेला चुना काही तासांनी त्वचा सोललेली दाखवतो. म्हणून ‘जळत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब चुकीचा आहे. हे तयार पुट्टीलाही लागू आहे, फक्त उकळीचा धोका तिथे नाही.

फक्कीचं काम त्या मानाने सरळ. कारखान्यात हिशेबाने पाणी घालून कळी विरवलेली असते, त्यामुळे उष्णता निघत नाही, स्फोटक उसळी नाही. तोटे दोन. एक, तिचे कण पाण्यात विरलेल्या चुन्याइतके बारीक नसतात, थापीखाली माल किंचित आखूड लागतो, म्हणजे सलग न पसरता तुटतो. दुसरा आणि मोठा: ती पिशवीत बसूनच मरते. कागदी पिशवीतून हवा जाते आणि चुन्याची परत चुनखडी होत राहते. चमचाभर फक्कीवर थोडं व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर बराच चुना गेला असं समजा, नाममात्र बुडबुडे आले तर चालेल. उत्पादनाची तारीख ताजी असलेली, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली पिशवी शोधा.

भिजवताना पाण्यात फक्की भुरभुरवायची, फक्कीवर पाणी ओतलं की कोरड्या गाठी होतात. १ किलोला १ ते १.२ लिटर पाणी. ड्रिलला लावायच्या पात्याने संथ ढवळा, वेगात फिरवलं की भुकटी उडते. २० किलोच्या पिशवीतून साधारण २९ ते ३३ लिटर पुट्टी होते. २४ तास हे कमीत कमी, पण दोन आठवडे ठेवली तर फरक हाताला कळतो. १० मिलिमीटर जाडीच्या एका हाताने १० चौरस मीटर भिंत करायची तर १०० लिटर वाळू आणि ३३ लिटर पुट्टी लागते, म्हणजे एक पिशवी. सांडलवंड १० टक्के वर धरा. याच कामाला कळी १३ ते १६ किलो लागेल.

तयार पुट्टीचा प्रश्न वेगळा आहे: बादलीत चुना किती आणि पाणी किती? बरीचशी किंमत पाणी वाहून आणण्यातच जाते. वरचं पाणी ओतून काढा, नेमकी १ लिटर पुट्टी हवा न ठेवता मापात भरा आणि वजन करा. १.३५ किलो भरली तर त्यात सुमारे ६३० ग्रॅम कोरडा चुना आहे. १.२५ किलो भरली तर जेमतेम ४५०. दिसायला दोन्ही पांढऱ्याच, पण दुसरीचा गिलावा वाळताना जास्त आकसेल आणि भेगाळेल. ही एक चाचणी विक्रेत्याच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा खरी. चांगल्या बादलीत वर पाण्याचा थर असतो, पुट्टी थापीवर लोण्यासारखी बसते आणि थापी उलटी केली तरी लगेच सुटत नाही. मोजा घातलेल्या दोन बोटांत चोळली तर खर लागत नाही.

बादलीवर विरवल्याची तारीख, चाळणीचं माप आणि ‘चुनकळीपासून’ की ‘फक्कीपासून’ हे तिन्ही लिहिलेलं असेल तर विक्रेता धंदा जाणतो असं समजा. फक्की भिजवून तीच बादलीत भरून चढ्या दराने विकली जात असेल, तर ते काम घरीही होतं. ‘सोयीसाठी’ म्हणून सेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिक मिसळलेले प्रकारही मिळतात. अ‍ॅक्रिलिक असलेला माल मातीच्या भिंतीवर घेऊ नये, भिंतीतली वाफ बाहेर पडायची वाट त्याने अडते.

तिन्हीपैकी काहीही आणलं तरी कण उडण्याची चाचणी करून घ्या. थोड्या पुट्टीत थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून १ सेंटिमीटर जाडीची चकती करा, पूर्ण घट्ट झाल्यावर ३ तास वाफेवर ठेवा. वाफेने आळशी कण तिथल्या तिथे विरतात. चकतीवर खड्डे किंवा टवके दिसले तर तो माल आणखी काही महिने पाण्याखाली ठेवा, भिंतीवर लावू नका.

बऱ्याच तक्रारी चुन्याच्या नावावर खपतात, पण चूक वाळूची असते. पुट्टी आणि वाळूचं ठरावीक १:३ प्रमाण डोळे झाकून घेण्याऐवजी वाळूतली पोकळी मोजा. पूर्ण कोरडी वाळू लिटरच्या मापात भरा आणि मोजून पाणी ओतत जा, पाणी काठाला येईल तेवढी पुट्टी त्या वाळूला हवी. ३३० मिलिलिटर गेलं तर १:३, ४०० गेलं तर १:२.५. एकसारख्या बारीक वाळूत पोकळी जास्त असते, पुट्टी जास्त लागते आणि आकसणंही वाढतं. लहान-मोठे टोकदार कण मिसळलेली वाळू म्हणूनच चांगली. मिसळताना माल कोरडा वाटला तरी पाणी घालू नका. मळत राहा, कुटत राहा. पुट्टी ढवळली की स्वतःचं पाणी सोडते. वरून घातलेलं प्रत्येक तांब्याभर पाणी पुढे भेग होऊन भिंतीवर दिसतं. प्राण्यांचे केस घालायचे असतील तर लावायच्या दिवशीच घाला, ओल्या चुन्यात काही आठवडे राहिले की ते झिजून तुटतात.

लावलेल्या गिलाव्यावर भुकटी सुटत असेल तर तो बहुधा फार लवकर वाळलेला असतो. पाणी गेलं की कार्बन डायऑक्साइड विरघळायला जागाच राहत नाही. भिंत आधी भिजवा, एक हात १० मिलिमीटरच्या आसपास ठेवा, ऊन आणि वारा ओल्या गोणपाटाने अडवा आणि आठवडाभर रोज हलकं पाणी फवारा. ५ अंशांखाली काम करू नका. पुढचा हात कधी, हे ठरवायला कोपऱ्यात छोटा टवका काढून फिनॉल्फ्थॅलिनचा (कच्च्या चुन्यावर रंग बदलणाऱ्या रसायनाचा) थेंब टाका. गडद गुलाबी झाला तितका भाग अजून कच्चा आहे.

उरलेली पुट्टी फेकायची नाही, पाण्याखाली झाकून ठेवली की पुढच्या कामाला आणखी चांगली होते. बादली धुतलेलं पाणी मात्र गटारात किंवा ओढ्यात सोडू नका, नळ चोंदतात आणि मासे मरतात. ते उथळ खड्ड्यात वाळू द्या. उरलेला थर हवा खाऊन चुनखडी झाला की राडारोड्यात टाकता येतो.